‘मी वारले’, ‘जे१’ आणि ‘बावन्न चौतीस’: मराठीतले हे आखूड शब्द येतात कुठून आणि त्यांचा अर्थ काय?

पिंपळगाव बसवंतला आमच्या आजोळच्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मागे मामेभावाने त्यावर स्वतःच्या साखरपुड्यातला फोटो टाकला. पेढा भरवला जातोय, तोंड उघडं, डोळे मिटलेले, चेहरा असा की बघवत नाही. त्याखाली कॉलेजात शिकणाऱ्या मावसबहिणीने लिहिलं, ‘मी वारले’. पाचव्या मिनिटाला ओझरच्या मोठ्या मावशीचा फोन. “कोण वारलं रे? मला का नाही कळवलं?”

‘मी वारले’ म्हणजे ‘हसून हसून मेले’, हे मावशीला पटवायला बराच वेळ गेला. पटलं, पण आवडलं नाही. शुभकार्याच्या फोटोखाली असलं अभद्र कोण लिहितं, हा तिचा सवाल. दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर एक लांब मेसेज टाकला. सुरुवात होती, ‘सर्वांना सा. न. वि. वि.’ आणि आता गोंधळायची पाळी मावसबहिणीची होती. तिने मला वेगळा मेसेज करून विचारलं, “हे सानविवि काय आहे? कुठल्या योजनेचं नाव आहे का?”

एकाच घरात, एकाच भाषेत, दोन पिढ्या एकमेकींची मराठी वाचू शकत नाहीत. गंमत वाटते, पण हे प्रकरण गमतीवर थांबत नाही. या आखूड शब्दांपायी पैसे बुडतात आणि पोलीस ठाण्याची पायरीही चढावी लागते. तर विषय नीट समजून घेऊ.

आधी मावशीची बाजू

सा. न. वि. वि. म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. पत्राची सुरुवात. वडिलांना लिहायचं तर आधी ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, धाकट्याला ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, परक्या मोठ्या माणसाला ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. पत्र संपल्यावर काही राहिलं की ‘ता. क.’, ताजा कलम. लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाआधी जे ‘चि. सौ. कां.’ असतं ते ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’. कीर्तनकाराच्या नावाआधी ‘ह. भ. प.’, हरिभक्त परायण. पैलवानाच्या आधी ‘पै.’.

म्हणजे शब्द तोडून लिहायची सवय आजच्या पोरांनी लावलेली नाही. कागद महाग होता, बोरूने लिहायचं होतं आणि मायना ठरलेला होता. जे सगळ्यांनाच पाठ आहे ते पूर्ण लिहून काय उपयोग? मोडी कागदपत्रांत तर शब्दाचं पहिलं अक्षर लिहून पुढे दोन उभे दंड मारले की काम झालं, बाकीचं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. आज इतिहासाच्या अभ्यासकांचा घाम निघतो तो अक्षरवळणापेक्षा या संक्षेपांनी जास्त.

पत्त्यातलं ‘मु. पो.’ घ्या. मुक्काम आणि पोस्ट. गावातच पोस्ट असेल तर दोन्ही एकत्र लिहायचं. पोस्ट शेजारच्या गावात असेल तर ‘मु.’ पुढे एक गाव आणि ‘पो.’ पुढे दुसरं. हे ठाऊक नसलेली मुलं ऑनलाइन अर्जात सरसकट ‘मु. पो.’ ठोकून देतात आणि मग मुलाखतीचं पत्र भलतीकडे फिरत बसतं.

पिंपळगाव बसवंतचंच बघा. महाराष्ट्रात पिंपळगावं इतकी आहेत की नुसतं पिंपळगाव म्हणून काही कळत नाही. म्हणून बाजारभावाच्या रोजच्या तक्त्यात ते ‘पिंपळगाव(ब)’ असं येतं. निफाड तालुक्यातच कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी दोन गावं आहेत. राज्यभर ‘बु.’ आणि ‘खु.’ आहेत. बुद्रुक आणि खुर्द, दोन्ही फारसीतून आलेले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. सातबाऱ्यावर ‘बु.’च्या जागी ‘खु.’ पडलं तर काय होतं, हे ज्याने तलाठी कार्यालयात चपला झिजवल्यात त्यालाच विचारा. शेजारच्या ओझरला तर आमच्याकडे अजून ‘ओझर मिग’ म्हणतात. एचएएलच्या कारखान्यात मिग विमानं बनली म्हणून गावाच्या नावाला विमान चिकटलं.

मराठी शब्द आखडतो कसा?

इंग्रजीत संक्षेप करताना प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेतात आणि ती अक्षरं सुटी सुटी उच्चारतात. एसएससी, एमपीएससी, ओटीपी. यातून शब्द तयार होईलच असं नाही. मराठीत गंमत अशी की आपल्या अक्षरात स्वर आधीच असतो. ‘म’, ‘न’, ‘से’ एकापुढे एक ठेवले की आपोआप बोलता येणारा शब्द मिळतो. मनसे. तसंच मविआ, शेकाप, रिपाइं, अंनिस. १९७८ साली शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले ते ‘पुलोद’ सरकारचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल.

नाशिक जिल्हा या कामात पटाईत आहे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांचं झालं ‘कसमादे’. नांदगाव जोडलं की ‘कसमादेना’. नकाशावर असा कुठलाच प्रदेश नाही, पण पेपरात रोज आहे आणि तिथली माणसं स्वतःला कसमादेची म्हणवतात. १९१४ सालची मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था म्हणजे ‘मविप्र’. निफाड सहकारी साखर कारखाना ‘निसाका’, रानवडचा ‘रासाका’, देवळा तालुक्यातला वसंतदादा कारखाना ‘वसाका’. या भागात ‘निसाका सुरू होणार का?’ हा प्रश्न निवडणुकीत विचारला जातो. मुंबईच्या माणसाला तो ऐकून वाटेल एखादी जपानी कंपनी आहे.

आणि तो फार चुकत नाही, कारण जपानीतही हीच युक्ती चालते. त्यांच्या लिपीतही एक चिन्ह म्हणजे एक अक्षर, स्वरासकट. दोन लांब शब्द घ्यायचे, प्रत्येकातली पहिली दोन अक्षरं उचलायची, जोडायची. ‘पॉकेट मॉन्स्टर्स’चं झालं ‘पोकेमोन’. तेच आपलं पोकेमॉन. ‘पर्सनल कॉम्प्युटर’चं झालं ‘पासोकोन’. नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं लांबलचक वाक्य पोरं ‘आकेओमे’ एवढ्यात उरकतात. २००७ च्या सुमारास तिथे ‘केवाय’ हा शब्द तुफान चालला. ‘कूकी योमेनाई’, म्हणजे ज्याला समोरची हवा वाचता येत नाही असा. चारचौघांत नको ते बोलणारा. आपल्याकडे केवायपुढे सी लावला की बँक आठवते, तो भाग वेगळा.

वेळेची किंमत वसूल करायच्या वृत्तीला, म्हणजे मालिका दीडपट वेगाने बघणं वगैरे, तिकडे ‘ताइपा’ म्हणतात, ‘टाइम परफॉर्मन्स’चं आखूड रूप. सानसेइदो या शब्दकोश छापणाऱ्या प्रकाशनाने २०२२ चा नवा शब्द म्हणून त्याची निवड केली. तिथे कोशवाले पोरांच्या शब्दांमागे वही घेऊन फिरतात. आपल्याकडे कोशवाले कुठे असतात हाच मुळात शोधाचा विषय आहे.

‘जे१ झालं का?’ हा विनोद नव्हता

‘जे१ झालं का’ वर इतके मीम झालेत की मुळात लोक हे खरोखर असं लिहायचे, यावर नव्या पोरांचा विश्वास बसत नाही. रोमन ‘जे’, पुढे एकचा आकडा, इंग्रजीत ‘वन’, म्हणून ‘जेवण’. पण हे का झालं?

कारण साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीत १६० अक्षरं मावायची. देवनागरीत लिहिलं की ती मर्यादा ७० वर यायची. एसएमएसला पैसे पडायचे आणि बऱ्याच हँडसेटवर देवनागरी उमटायचीच नाही, चौकोन दिसायचे. म्हणून मराठी माणसाने आपली भाषा दुसऱ्याच्या लिपीत कोंबली आणि आकड्यांची मदत घेतली. नव्वदच्या दशकात जपानी शाळकरी मुलींनी पेजरवर हेच केलं होतं. पेजरवर फक्त आकडे जायचे. तीनला ‘सान’, नऊला ‘क्यू’, म्हणून ३९ म्हणजे ‘थँक यू’. ४६४९ म्हणजे ‘योरोशिकु’, साधारण ‘लोभ असावा’च्या जवळचं काहीतरी.

हसण्याचंही तसंच. जपानीत हसण्याला ‘वाराई’. त्याचं रोमन पहिलं अक्षर डब्ल्यू. खूप हसू आलं की ओळीने डब्ल्यू. ती ओळ दिसते गवतासारखी. म्हणून आता ‘हसलो’ म्हणायचं तर नुसतं ‘कुसा’, म्हणजे गवत, लिहितात. आमच्या मावशीला हे सांगितलं नाही. ‘वारले’च पुरेसं होतं.

मराठीत याच काळात इंटरनेटवर एक वेगळी टोळी जमत होती. १९९६ सालची मायबोली, २००७ सालची मिसळपाव. यांवर लिहिणारे बरेचसे पुण्या-मुंबईतून परदेशी गेलेले, संगणकावर देवनागरी टंकणारे. त्यांनी ‘लोल’ वगैरे घेतलं नाही, अस्सल मराठी संक्षेप घडवले. ‘ह. ह. पु. वा.’ म्हणजे हसून हसून पुरेवाट. ‘ह. घ्या.’ म्हणजे हलके घ्या. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा आणि ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. ‘व्यनि’ म्हणजे व्यक्तिगत निरोप, आजचा डीएम. ‘प्रकाटाआ’ म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे, आणि हा तर माझ्या मते मराठीने गेल्या तीस वर्षांत केलेला सर्वांत चविष्ट शब्द आहे. तो इन्स्टाग्रामपर्यंत पोचला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

का पोचला नाही? कारण रीलवर लिहावं लागतच नाही. तिथे शब्द कानावरून येतो.

रीलची भाषा

‘विषय हार्ड’, ‘नाद खुळा’ हे पश्चिम महाराष्ट्राकडून आले आणि आता निफाडच्या द्राक्षबागेतलं पोरगंही तेच म्हणतं. ‘विषय हार्ड’ म्हणजे गोष्ट जबरदस्त. ‘विषय कट’ म्हणजे चर्चा संपली. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून आमदार शहाजीबापू पाटलांचा फोन व्हायरल झाला आणि ‘काय झाडी, काय डोंगर’ हे दोन दिवसांत महाराष्ट्राचं वाक्य झालं. २०२४ चा मराठी बिग बॉस सूरज चव्हाणने जिंकला आणि ‘गुलीगत’, ‘झापुक झुपूक’ घराघरात गेले. ‘गुलीगत’चा अर्थ काय, असं विचारू नका. ते शब्द आवाजावर चालतात.

हे बघून ‘मराठी बिघडली’ म्हणणारे आहेत. माझी तक्रार उलटी आहे. या शब्दांनी नाशिककडचे शब्द दाबले. ‘काय भो, काय करू राहिला?’ हे आमच्याकडचं बोलणं. रील करताना तेच पोरगं कोल्हापुरी होतं, कारण त्याला वाटतं की ‘करू राहिला’ गावंढळ आहे आणि ‘नाद खुळा’ भारी आहे. आता कोल्हापूरचं बोलणं झोकात आणि आपलं मागास, हे ठरवलं कुणी?

राजकारणाने या शब्दांना वेगळीच धार दिली. ‘खोके’ घ्या. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी. २०२२ च्या सत्तांतरानंतर विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ची घोषणा झाली आणि ही बोली शाळेतल्या पोरांना पाठ झाली. पिंपळगावात पेटी म्हणजे अजून द्राक्षाचीच पेटी, पण ‘किती पेट्या गेल्या?’ असं फोनवर मोठ्याने विचारलं की आता बसमधले लोक वळून बघतात. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुण मराठी रॅपरवर अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्याच्या गाण्यात कुणाचं नाव नव्हतं, ‘खोके’ होते. ‘उबाठा’चंही तसंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दिलेल्या ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ या नावाचा हा संक्षेप. पण तो कोण उच्चारतो त्यावरून त्याची बाजू कळते. विरोधक मुद्दाम ‘उबाठा’ म्हणतात, म्हणजे ‘शिवसेना’ म्हणावं लागत नाही.

जिथे अर्थ चुकला की पैसे जातात

पिंपळगावच्या कृषी सेवा केंद्रात पाच मिनिटं उभं राहा. “दोन बावन्न चौतीस, एक बारा एकसष्ट, आणि झिरो झिरो पन्नास आहे का?” बाहेरच्या माणसाला वाटेल लॉटरीचं दुकान आहे. ही खतं आहेत. तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण. ‘बावन्न चौतीस’ म्हणजे ०:५२:३४, यात नत्र शून्य. ‘बारा एकसष्ट’ म्हणजे १२:६१:००, यात नत्र आहे. ‘अठरा शेचाळीस’ म्हणजे आपलं डीएपी.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्मघड तयार व्हायच्या दिवसांत बागायतदार वेलीला नत्र देणं टाळतो. तेव्हा बावन्न चौतीसच्या जागी दुसरंच पाकीट गेलं तर वेल पानांनी माजते आणि घडाचं नुकसान होतं. हे कळतं ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, फुटव्यात घड शोधताना. बाप ज्या खताचं नाव आकड्यांत सांगतो, ते आणायला गेलेल्या मुलाला त्या आकड्यांचा अर्थ माहीत नसेल तर दुकानदार देईल ते घेऊन तो घरी येतो.

२०१० साली तर तीन अक्षरांनी सगळ्या निर्यातदार द्राक्षपट्ट्याला रडवलं. ‘सीसीसी’, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीची वाढ रोखायला ते वर्षानुवर्षं वापरात होतं. युरोपच्या ‘एमआरएल’नुसार, म्हणजे फळात चालणाऱ्या अवशेषाच्या कमाल मर्यादेनुसार, ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या वर चालत नव्हतं. भारतातून गेलेल्या मालात ते जास्त सापडलं आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. आज निर्यातीची बाग असलेला शेतकरी ‘एमआरएल’ आणि ‘पीएचआय’ (फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस ठेवायचे) हे शब्द आपल्या नातवाच्या नावासारखे घेतो, त्याला हा इतिहास आहे.

आणि जिथे पोलीस येतात

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये ‘३०२’ किंवा ‘३०७’ लिहिणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. वय सतरा, दाढी नुकती फुटलेली, मागे गाणं, हातात कोयता. ३०२ म्हणजे भारतीय दंड संहितेतलं खुनाचं कलम, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न. ‘भाऊ तीनशेदोनमध्ये आतमध्ये आहे’ हे काही वस्त्यांत अभिमानाने सांगितलं जातं.

यात एक घोळ आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम आता १०३, खुनाच्या प्रयत्नाचं १०९. नव्या संहितेत ३०२ आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशाने शब्द उच्चारण्याचं कलम आहे, आणि ३०७ चोरीसंबंधीचं. म्हणजे जो स्वतःला ‘३०२’ म्हणवतो तो कायद्याच्या भाषेत आता वाचाळ ठरतो आणि ‘३०७’वाला चोर. फसवणुकीचं ४२० तर आता बोलीतच उरलं. नव्या संहितेत कलमंच ३५८ आहेत. फसवणूक ३१८ मध्ये गेली, पण ‘तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे’ असं म्हणून मजा येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा रीलचा बदला रीलने घेतला. पकडलेले भाई कॅमेऱ्यासमोर ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणताना दिसू लागले. ते वाक्य इतकं चाललं की आठवडाभरात लग्नाच्या वरातीत लोक ते ओरडत होते. पोलिसांचा दम हाही शेवटी स्लँग झाला. कोठडीतल्या माणसाकडून असं वदवून घेणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न तेव्हा फार कमी लोकांनी विचारला. रील मात्र सगळ्यांनी शेअर केलं.

सगळ्यात महाग पडणारा संक्षेप सध्या ‘एपीके’ आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, किंवा ‘आरटीओ चलन’, किंवा ‘पीएम किसान’. नावाच्या शेवटी बिंदू आणि एपीके. ही पत्रिका नसते, मोबाइलमध्ये बसणारं ॲप असतं. इन्स्टॉल केलं की तुमचे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, दुसऱ्याच्या हातात. फोटो किंवा पीडीएफ म्हणून येणाऱ्या पत्रिकेच्या शेवटी एपीके कधीच नसतं. चुकून दाबलं गेलंच तर मोबाइलचं इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

दिवाळीनंतर अशी एक पत्रिका आमच्या ग्रुपवरही आली, कुणाच्या तरी हॅक झालेल्या नंबरवरून. मावसबहीण ती उघडणारच होती. तेवढ्यात खाली ओझरच्या मावशीचा मेसेज पडला: ‘कोणी उघडू नये. फाइलच्या नावात नुसतं वेडिंग लिहिलंय, मुलीच्या नावाआधी चि. सौ. कां. नाही. अशी पत्रिका आपल्यात कोण काढतं?’

त्यावर मावसबहिणीने लिहिलं, ‘मावशी, विषय हार्ड.’ मावशीने मला फोन करून विचारलं, कोणता विषय, आणि ती नापास झाली का.